अंजिराची बशी

सूर्यभान चौतीस वर्षं औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात कुक होता. थंड पदार्थांचं टेबल त्याच्याकडं असायचं. कोशिंबिरी, कापलेली फळं, चीजचे तुकडे आणि डब्यातून येणाऱ्या खारवलेल्या मांसाचे कागदासारखे काप. वेरूळची लेणी बघून दमून आलेले परदेशी पाहुणे जेवणाआधी हे खायचे. सूर्यभान बशी लावायचा, वेटर ती उचलायचा, झुलत्या दारातून बशी बाहेर जायची आणि अर्ध्या तासानं रिकामी परत यायची. एवढ्या वर्षांत आपण केलेलं खाताना कुणाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

घरीही नाही. बायको साळूबाई माळकरी होती. हॉटेलातून आला की त्यानं आधी अंघोळ करायची, मग तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. मूलबाळ झालं नाही. दोघं एकमेकांना धरून राहिली. तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी श्रावणात साळूबाई गेली. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सूर्यभान एकटा उरला. सकाळी दूध, पेपर, अंघोळ. दुपारी वरण-भात. चार वाजता तो उगाच क्रांती चौकापर्यंत चालत जायचा आणि काही न घेता परत यायचा. कधीकधी दिवसभरात तो फक्त दूधवाल्याशी बोललेला असायचा, तेही ‘अर्धा लिटर’ एवढंच.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या आशाबाई वर आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता मुलगा बद्री फ्रान्समध्ये नोकरीला. अख्खी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची. जिन्यात भेटल्या तर ‘बरंय ना?’ म्हणून पुढं जायच्या. घरात मात्र पहिल्यांदाच आल्या होत्या.

‘‘भाऊ, तुम्ही मोठ्या हॉटेलात होतात ना? एक अडचण आहे. बद्री येतोय दसऱ्यानंतर. त्यानं तिकडची मुलगी पसंत केलीय. ती आणि तिचे आईवडील, सगळे येणार आहेत. रविवारी दुपारी माझ्याकडं जेवायला. पुरणपोळी, कटाची आमटी मी करीन हो. पण आधी त्यांच्या ओळखीचं काहीतरी समोर ठेवावं असं वाटतं. मला त्यातलं काही कळत नाही.’’

सूर्यभाननं त्यांना खुर्चीवर बसवलं. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी काही विचारत होतं.

‘‘त्यांच्यात जेवायच्या आधी चीज, फळ आन् खारवलेलं मांस असतंय बाई. लई सोपं काम हाय, पण बशी अशी दिसती का बघत राहावं. फकस्त त्ये मांस डुकराचं असतंय.’’

‘‘अगं बाई! ते नको हो माझ्या घरात.’’

‘‘मंग बोकडाचं करू. मी वाळवतो. दोन आठवडे हायेत ना? बास झाले.’’

हे हॉटेलात शिकलेलं नव्हतं. सूर्यभान मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या घरात जन्मला होता. वाटेत एखादं जनावर कापावं लागलं की त्याची आई मटणाच्या पट्ट्या काढून मीठ-हळद लावायची आणि पालाच्या दोरीवर वाळत घालायची. आश्विनातलं कोरडं ऊन त्याला सगळ्यात चांगलं, असं ती म्हणायची.

त्यानं बोकडाच्या मांडीचा बिनहाडाचा गाभा आणला. मीठ, किसलेला गूळ, कुटलेली मिरी आणि थोडं दगडफूल चोळून फ्रीजमध्ये वरवंट्याखाली दाबून ठेवला. चार दिवसांनी धुतला, पुसला, मलमलच्या फडक्यात बांधला आणि गॅलरीत जाळीखाली टांगला. रोज संध्याकाळी तो काढून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सकाळी परत टांगायचा.

आशाबाई एक दिवसाआड वर यायच्या. ‘‘काय म्हणतंय आपलं मटण?’’ म्हणत गॅलरीत डोकवायच्या. मग चहा व्हायचा. बोलणं बद्रीचं, साळूबाईचं, शाळेतल्या मुलांचं. एकदा त्या म्हणाल्या, ‘‘पोर रोज फोन करतो, पण फोन ठेवला की घर आणखीच मोठं वाटतं.’’ सूर्यभाननं त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. त्याला तर फोनही कुणाचा येत नव्हता. पण आता जिन्यात पावलं वाजली की तो उठून गॅस पेटवायचा.

शुक्रवारी तो बसनं वेरूळला गेला. तिथं त्याचा चुलतभाऊ मुंजाबा शेळ्या राखून होता. त्याच्याकडून तीन लिटर दूध आणलं, तापवलं, लिंबू पिळून फाडलं आणि फडक्यात टांगलं. सकाळपर्यंत पांढरंशुभ्र, मऊ चीज तयार झालं. दौलताबादकडच्या एका बागवानाकडं बहराची शेवटची अंजिरं मिळाली, जांभळी, बोटानं दाबली तर दबतील अशी.

शनिवारी आशाबाईंनी खुर्च्या मोजल्या. ‘‘मी, बद्री, ती पोरगी, तिचे आईवडील. पाच. आणि तुम्ही सहावे.’’

‘‘मी कशाला बाई?’’

‘‘कशाला म्हणजे? एवढं सगळं करताय आणि बसणार नाही? माझ्याकडं चारच खुर्च्या आहेत, तुमच्या दोन आणा.’’

सूर्यभाननं आपल्या दोन्ही खुर्च्या खाली नेऊन दिल्या. त्या संध्याकाळी पलंगावर बसून त्यानं पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. हॉटेलचा कोट कपाटात होता, तो त्यानं बाहेर काढलाच नाही. उद्या समोर बसून आपल्याला बघता येणार, ही गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती. माणूस पहिला घास घेतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होत असेल, एवढंच त्याला बघायचं होतं.

रविवारी अकरा वाजता तो आशाबाईंच्या स्वयंपाकघरात होता. प्रत्येक अंजिराला वरून फुलीसारखी चीर दिली, बुडाशी जोडलेलंच ठेवलं. ते उमललं की आत चमचाभर चीज. धारदार सुरीनं मटणाचे काप काढले, इतके पातळ की त्यातून सुरीचं पातं दिसावं. एकेक काप अंजिराभोवती गुंडाळला. वर मिरी आणि मधाचा एक थेंब. स्टीलच्या मोठ्या ताटात न लावता त्यानं आशाबाईंची लग्नातली मोठी चिनी मातीची बशी मागून घेतली. अठरा अंजिरं त्यात गोल मांडली.

‘‘हे तर देवघरात ठेवावं असं दिसतंय,’’ आशाबाई म्हणाल्या.

पाहुणे आले. मुलगी उंच, हसरी. आईवडील वयस्कर, साधे. सूर्यभाननं हात धुतले, सदरा सारखा केला आणि बशी घेऊन तो बाहेर आला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. आशाबाईंचे थोरले दीर, काकासाहेब, गावाकडून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. पुतण्या आल्याचं कळलं म्हणून आलेले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आवाज मोठा. सगळ्यांना रामराम करून ते सरळ सहाव्या खुर्चीवर बसले. सूर्यभानचीच खुर्ची होती ती.

सूर्यभान बशी घेऊन उभा. काकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. ‘‘हे कोण?’’

आशाबाई गडबडल्या. पाहुणेही बघत होते. दीर बघत होते. त्या चटकन हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘धिस इज अवर कुक.’’

पाहुण्या बाईंनी सूर्यभानला हात जोडले. ‘‘थँक्यू, मॅडम,’’ त्याच्या तोंडून हॉटेलातलाच आवाज निघाला. त्यानं बशी टेबलावर ठेवली, एक हात आपोआप पाठीमागं गेला आणि तो वळून आत आला.

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. तो बाजूला करून बघता आलं असतं. सूर्यभान ओट्याकडं तोंड करून उभा राहिला. बाहेरून आधी शांतता ऐकू आली, मग कुणीतरी काहीतरी मोठ्यानं म्हणालं, मग सगळे हसले. काकासाहेबांचा आवाज आला, ‘‘लई भारी हाय गड्या!’’

थोड्या वेळानं आशाबाई रिकामी बशी घेऊन आत आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. ‘‘भाऊ, सगळं संपलं! मला एक उरलं नाही. तिची आई म्हणते, असं मटण मी जन्मात खाल्लं नाही.’’ पुरणपोळ्यांचा डबा उचलत त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही इथंच वाढून घ्या हं.’’

सूर्यभाननं बशी धुतली, पुसून कपाटात ठेवली. मग तो हॉलमधून बाहेर पडला. बद्री मोबाईलवर सगळ्यांना कसले तरी फोटो दाखवत होता. कुणी वर बघितलं नाही.

घरी आल्यावर त्याला बसायला खुर्ची नव्हती. तो पलंगावर बसला. ‘चौतीस वर्षं कुकच होतो की आपण,’ तो स्वतःला समजावत होता. हॉटेलात लोक रोज तेच म्हणायचे, तेव्हा कधी टोचलं नाही. मग आज का? त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते कुणाला सांगणार? साळूबाईच्या फोटोकडं बघून तो एवढंच म्हणाला, ‘‘अंघोळ करतो.’’ आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. त्यानं दार उघडलं. आशाबाई एक खुर्ची ओढत वर आणत होत्या. दम लागलेला.

‘‘अवो बाई, मला हाक मारायची न्हाय का?’’

‘‘कोणत्या तोंडानं मारू?’’ त्या भिंतीला टेकल्या. ‘‘काल मी चुकले, भाऊ. काकासाहेबांसमोर काय बोलावं सुचलं नाही. गावाकडच्या घरातली धाकटी सून म्हणून मी अजून त्यांच्यापुढं घाबरते बघा.’’

‘‘तुम्ही खोटं कुठं बोलल्या? कुकच हाय मी.’’

‘‘तसं नाही.’’

सूर्यभाननं खुर्ची उचलून घरात ठेवली. मग म्हणाला, ‘‘व्हय, तसं नाय. तुम्ही मला बसायला सांगितलं होतं बाई. मी काय मागितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं, म्हणून मी वाट बघत बसलो.’’

आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. दुसरी खुर्ची सूर्यभान खालून घेऊन आला.

‘‘पोरं गेली सकाळी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लग्न तिकडंच करणार म्हणतात. ऑफिसात सही करून. बद्री म्हणाला, आई, तू एवढ्या लांब दगदग करू नकोस. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? सगळं जेवण छान झालं, आणि शेवटी मला हे सांगितलं.’’

सूर्यभान उठला. तो स्वयंपाकघरात गेला. फ्रीजमध्ये दोन अंजिरं, वाटीभर चीज आणि मटणाचं शेवटचं बोटभर टोक उरलं होतं. त्यानं दोन्ही अंजिरं भरली, गुंडाळली, साध्या बशीत ठेवली आणि बाहेर आणली. मग तो त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसला.

‘‘खा. तुम्हाला काल मिळालं नव्हतं.’’

आशाबाईंनी एक अंजीर उचललं आणि अर्धं तोडलं. सूर्यभान बघत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, काही नाटक केलं नाही. हळूहळू चावलं. एक भुवई वर गेली, कपाळावर आठी आली, मग ती सुटली. गिळल्यावर त्या जरा संकोचून म्हणाल्या, ‘‘छान आहे हो. पण... खारट झालंय का थोडं?’’

सूर्यभाननं दुसरं अंजीर तोंडात टाकलं. खरंच खारट होतं. टोकाचा भाग होता, मीठ तिथं जास्त मुरलं होतं.

‘‘व्हय की,’’ तो म्हणाला आणि हसला. ‘‘चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नाय बघा मला. बशी रिकामी आली म्हंजे चांगलं झालं, एवढंच ठाव होतं.’’

आशाबाईही हसल्या. चहा झाला. बाई दुपारपर्यंत बसल्या.

दिवाळी झाल्यावर बद्रीचा पुन्हा फोन आला. मुलीच्या आईनंच हट्ट धरला होता, की मुलाची आई आल्याशिवाय लग्न नाही. आशाबाई जानेवारीत गेल्या. सूर्यभाननं त्यांची बॅग रिक्षात ठेवली. ‘‘येते तीन महिन्यांनी,’’ त्या म्हणाल्या. तीन महिन्यांचे सहा झाले. मग बद्रीकडं बाळ येणार असल्याचं कळलं, आणि परत यायचं कुणी बोलेनासं झालं. खालच्या फ्लॅटच्या दाराला कुलूप राहिलं.

पुढच्या आश्विनात सूर्यभाननं पुन्हा मांडीचा गाभा आणला. या वेळी मीठ थोडं कमी घेतलं आणि टोकाकडं तर बोटानंच लावलं. वाळल्यावर काप काढले, एकच अंजीर भरलं आणि तो खुर्चीवर बसला. समोरची खुर्ची त्यानं भिंतीकडं सरकवली नाही. त्यानं अंजीर खाल्लं. आता मीठ अगदी बरोबर होतं.

बाईंना फोन लावावा, असं त्याच्या मनात आलं. पण तिकडं आत्ता जेवायची वेळ असेल, म्हणून त्यानं सुरी धुतली, पुसली आणि चार वाजता नेहमीसारखा क्रांती चौकाकडं निघाला.