डाव्या हाताचा मळ

उजवा हात प्लॅस्टरमध्ये, पण रिकामं बसवेना, म्हणून कंपाउंडरांनी सुरी डाव्या हातात घेतली आणि प्लॅस्टरबाहेर डोकावणाऱ्या उजव्या बोटांनी काकडी कशीबशी धरली.

“राहू द्या, बोट कापून घ्याल,” बायको म्हणाली.

तिचं काही चुकत नव्हतं. कंपाउंडरांच्या हातून कप फुटायचे, बटणं तुटायची, बाटलीवरच्या चिठ्ठ्या तिरप्या चिकटायच्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत, औषध रोग्याच्या पोटात कमी आणि टेबलावर जास्त जातं. धांदरट हा शब्द त्यांना आडनावासारखा चिकटला होता, आणि हाताला वळणच नाही हे त्यांनीही केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

काकडीचं साल मात्र पातळ, एकसंध उतरत गेलं. बायकोने बटाटा पुढे केला. तोही झाला. मग त्यांनी किटली उचलली. चहाची धार थेट कपात पडली, बशी कोरडी राहिली.

“अहो, हा हात कुणाचा?” तिने विचारलं.

संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. अक्का आधी टाळाटाळ करू लागली, मग म्हणाली, “तुला समज यायच्या आधीची गोष्ट. तू सगळं डाव्या हातानेच करायचास. लोक हसतील म्हणून आई तो हात फडक्याने बांधून ठेवायची. आधी रडायचास, मग विसरून गेलास.”

“म्हणजे मी धांदरट नव्हतो?”

“नव्हतास रे.”

अक्काला रडू फुटलं. कंपाउंडरांना मात्र हसू आलं, पोटातून, आवरेना असं. शेवटी अक्काही हसू लागली. आईचा राग त्यांना आलाच नाही. बिचारीला वाटलं असेल, पोराला वळण लावतेय. पण पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्यांना हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात ते डाव्या हाताने औषधं ओतू लागले. डॉक्टर दारात उभे राहून बघत राहिले, आणि कोरड्या टेबलावरून बोट फिरवून आत गेले.

यथावकाश प्लॅस्टर निघालं. उजवा हात बारीक, फिकट झाला होता. कंपाउंडरांनी तो मायेने चोळला.

सकाळी बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ती ओट्याकडे वळली. दोन पावलांवरून परत आली, आणि कपाचा कान डावीकडे फिरवून गेली.