चोवीस नगांची चिठ्ठी

प्रकाशिकेच्या टेबलावर करारनाम्याचे दोन कागद होते आणि त्यांच्यावर टोपण काढलेले पेन आडवे ठेवले होते. बाईंची नजर त्या पेनावरून हलत नव्हती. त्यांची एकतीस वर्षे रुग्णालयाच्या तळघरात गेली होती. शस्त्रक्रियेची उपकरणे धुवायची, वाफेत निर्जंतुक करायची, मोजून ट्रेमध्ये बांधायची आणि वर पाठवायची, हे त्यांचे काम. हौस म्हणाल तर एकच, आणि तीही उशिरा लागलेली: त्या तळघरावर लिहिलेले पुस्तक आपल्या नावाने छापून यावे. चार प्रकाशकांनी हस्तलिखित साभार परत केले होते. पाचव्या ठिकाणी आज कुठे पेनाचे टोपण निघाले होते.

शेजारच्या खुर्चीत त्यांना लिहायला शिकवणारे सर बसले होते. शिष्यमंडळी त्यांना पाठीमागे ‘रंधा’ म्हणत, कारण कोणाचेही वाक्य त्यांच्या हाताखालून गेले की खाली ढलप्यांचा ढीग पडे. तीन वर्षे दर शनिवारी बाई त्यांच्याकडे जात होत्या. सरांची पद्धत ठरलेली होती. वहीच्या उजव्या पानावर बाईंनी लिहायचे, डाव्या कोऱ्या पानावर सर पेन्सिलीने नमुन्यादाखल चार वाक्ये लिहीत आणि बजावत, “ही शिडी आहे. चढा आणि काढून टाका. शिडीवर कोणी संसार मांडत नाही.” मग बाईंनी घरी जाऊन तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि पेन्सिलीचे पान पुसून टाकायचे.

“खरं सांगू?” प्रकाशिका म्हणाल्या. “पहिली चाळीस पानं वाचून वाटलं, हेही परत पाठवावं. नीटनेटकं, पण कोरडं ठणठणीत. मग एक्केचाळिसावं पान आलं आणि मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. पुस्तक या पानानंच सुरू करायचं. मागच्या कव्हरवरही हेच.”

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले: “‘पोलादाला स्मृती नसते. पण त्या दुपारी चोवीस पोलादी मुखांपैकी एक मौन धरून बसले होते. वरून विचारणा झाली, आणि ज्या हातांवर मी जन्मभर विसंबले, त्या हातांवरचा माझा विश्वास गळून पडला. मी पुटपुटले, कदाचित तेवीस असतील…’”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे वाक्य त्यांचे नव्हते. ही शिडी होती.

कसे घडले तेही त्यांना त्याच क्षणी उमगले. वही टंकलेखकाकडे देताना त्यांनी सांगितले होते, “डाव्या पानावर काही असलं तर ती माझी दुरुस्ती समजा, तेच घ्या.” आणि नेमके हे एक पान पुसायचे राहिले होते. दोनदा मोजल्याशिवाय ट्रे न बांधणाऱ्या बाईंनी टंकलेली प्रत मात्र एकदाही वाचली नव्हती. स्वतःचा फोटो न्याहाळायला एखाद्याला लाज वाटावी, तशी त्यांना आपल्याच शब्दांची लाज वाटली होती.

त्यांनी सरांकडे पाहिले. सर बुटांच्या नाड्यांकडे टक लावून बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“घडवलंत हो यांना,” प्रकाशिका त्यांना म्हणाल्या.

“छे, छे! मूळचंच आहे ते त्यांच्यात,” सर म्हणाले आणि टेबलाखालून त्यांनी बाईंच्या चपलेला बुटाने हलकेच डिवचले.

इतक्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. “सही करून ठेवा, आलेच,” म्हणून प्रकाशिका आत गेल्या. दार अर्धवट उघडे राहिले.

“सर, ते पान तुमचं आहे,” बाई कुजबुजल्या.

“हळू! पान पुस्तकाचं असतं.”

“आणि खोटंसुद्धा आहे. ‘कदाचित’ असं मी म्हणालेच नव्हते.”

“अहो, ‘कदाचित’ आहे म्हणून तर ते साहित्य झालं! ‘चोवीस’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या माणसाची गोष्ट होत नाही, पावती होते.”

“तळघरातल्या सगळ्या जणी वाचतील, सर.”

“दोन हजार लोक वाचतील, त्यात तुमच्या आठ जणी! हातातोंडाशी आलेला घास घालवू नका. करा सही.” मग त्यांचा आवाज एकाएकी उतरला. “बाई, माझी कादंबरी याच कचेरीनं परत पाठवली होती. अकरा वर्षं झाली. आज या खोलीत माझं वाक्य कोणीतरी मोठ्यानं वाचलं. तुमच्या नावावर तर तुमच्या नावावर. राहू द्या ना.”

ज्या माणसाने बाईंना तीन वर्षे शिकवले त्याने पहिल्यांदाच काही मागितले होते, आणि जे मागितले ते बाईंच्याही सोयीचे होते. मोहाची खरी गोम हीच, की तो बहुधा कृतज्ञतेचा सदरा घालून येतो. घरी नणंद दाराकडे कान लावून बसल्या असतील, हेही बाईंना दिसत होते. “वहिनी, कात्र्या-चिमट्यांचं पुस्तक! वाचता वाचता कुणी झोपलं तर टाके घालून जागं करणार का?” अशी वन्संनी सकाळीच फिरकी घेतली होती. रिकाम्या हाताने परतल्या तर ती फिरकी वर्षभर पुरणार होती.

पण बाईंच्या डोळ्यांपुढे चिठ्ठी आली. तळघरातून वर जाणाऱ्या प्रत्येक ट्रेमध्ये एक चिठ्ठी असते: किती नग, किती वाजता, आणि बांधणाऱ्याची सही. त्या सहीचा अर्थ एवढाच, की हे मी मोजले आहे. एकदा तापाने फणफणलेल्या मैत्रिणीने अर्धवट बांधलेला ट्रे हाती आला, तेव्हा बाईंनी तो सोडून पहिल्यापासून पुन्हा मोजला होता. दुसऱ्याच्या मोजणीखाली सही करण्याचे पाप एकतीस वर्षांत त्यांनी केले नव्हते.

प्रकाशिका परत आल्या. “काय, झाली सही?”

बाईंनी पेन उचलले. सरांनी श्वास रोखला. बाईंनी पेनाला टोपण लावले आणि ते पुन्हा जागेवर ठेवले.

“एक्केचाळिसावं पान माझं नाही.”

“त्यांना म्हणायचंय की…” सर घाईघाईने पुढे सरसावले.

“मला म्हणायचं होतं ते मी म्हटलं, सर.”

“मग कोणाचं आहे?” प्रकाशिकेने विचारले.

बाईंनी सरांकडे पाहिले. ते सांगण्याचा हक्क बाईंचा नव्हता.

“माझं,” अखेर सर म्हणाले. एवढा छोटा शब्द उच्चारायला त्यांना दोनदा घसा खाकरावा लागला.

प्रकाशिकेने करारनाम्याचे कागद गोळा केले, खणात ठेवले आणि खण बंद केला. “म्हणजे मी ज्याच्यावर भाळले ते पान तुमचं नाही, आणि जे तुमचं आहे ते मी परत पाठवणार होते. मग छापू काय मी?”

“एक कोरा कागद द्या. त्या दिवशी काय झालं ते लिहून देते.”

“पंधरा मिनिटांत मला निघायचंय.”

“पुरेत.”

बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. अक्षर सरळ येत होते.

‘पावणेचारला वरून फोन आला. सिस्टर म्हणाल्या, एक चिमटा कमी भरतोय. पोट उघडं आहे. चिठ्ठीवर सही तुमची आहे. किती पाठवले होते? तेवीस म्हटलं असतं तर त्यांनी पोट शिवलं असतं, आणि मला फक्त बोलणी बसली असती. मी म्हटलं, चोवीस. मग डॉक्टरांनी फोन घेतला. नक्की? म्हटलं, नक्की. ते म्हणाले, नाडी उतरतेय, शोधत बसलो तर माणूस हातचा जाईल. परत सांगा. मी म्हटलं, चोवीस. त्यांनी फोन न तोडता बाजूला ठेवला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.’

सवयीने त्यांनी खाली वेळ घातली आणि सही केली.

प्रकाशिका खांद्याला पिशवी अडकवून, दारातच उभ्या उभ्या वाचू लागल्या. सर त्यांच्या मागून वाचत होते. वाचता वाचता त्यांनी सवयीने खिशातून पेन्सिल काढली. ती कागदावर जाण्यासाठी थोडी पुढेही झाली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि परत खिशात ठेवली.

प्रकाशिकेने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“मग? चिमटा सापडला का?”

“पुढच्या पानावर आहे,” बाई म्हणाल्या. “बेचाळिसाव्या. ते माझंच आहे.”

प्रकाशिकेने पिशवी खांद्यावरून उतरवली, खुर्ची ओढली आणि हस्तलिखित पुन्हा पुढ्यात घेतले.