नावाखालचं दुखणं

मांडे करणाऱ्या बाईचा हात आणि गवयाचा गळा, दोन्ही बिघडेपर्यंत कुणी त्यांची चौकशी करत नाही. ताईबाईचा उजवा हात बिघडला तेव्हा तिनं वर्षभर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पारोळ्याच्या आसपासच्या दहा गावांत लग्न असो की बारसं, मांड्यांसाठी बोलावणं तिलाच. पुरण भरलेली सैल कणीक या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची, हे चाळीस वर्षं चाललेलं. दुखणं अंगावर काढायची तर आपल्याकडच्या बायकांना खोडच असते. पण चैत्रात एक दिवस तिच्या हातून भरला तांब्या निसटला आणि नवऱ्यानं, अभिमन आबांनी, ते पाहिलं.

"मोहिनीनं लगन दीड महिनावर शे," ते म्हणाले. "अशा हातवरी मांडा करशी का?"

मोहिनी त्यांची नात, अमळनेरची. तिची आई उषा ही ताईबाईची एकुलती एक लेक. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती धुळ्याला दवाखान्यात गेली ती गेलीच. घरच्यांना लांबून एक बांधलेलं गाठोडं दाखवलं, तोंड नाही दाखवलं. त्यानंतर आबा, जे जन्मभर बायकोला 'उषानी माय' म्हणून हाक मारत आले, ते तिला नुसतं 'ओ' म्हणून हाक मारू लागले. आता मोहिनीनं लग्न ठरताच आजीकडे एकच मागणं मागितलं होतं. हळदीच्या जेवणाचे मांडे आजीनं करायचे, माय करायची तसे. ताईबाईनं शब्द दिला होता, आणि हाताला तर तांब्याही पेलेना.

आबा तिला एसटीनं धुळ्याला घेऊन गेले. फिजिओथेरपीचे डॉक्टर योगेंद्र तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी हात दाबून पाहिला, वळवून पाहिला. कोपराखाली आतल्या बाजूची शीर झिजली आहे म्हणाले. लेसरचं मशीन दाखवलं. त्याचा उजेड कातडीतून आत मांसात जातो, सूज उतरवतो, झिजलेलं भरून आणतो. सुई नाही, गोळी नाही, दिवसाआड दहा वेळा यायचं. ताईबाईला काही ते पटलं नाही. उजेडानं दुखणं गेलं असतं तर उन्हात निंदणी करणारी बाई कधी कण्हलीच नसती. पण लग्न जवळ आलं होतं.

मग डॉक्टरांनी पदर बाजूला केला आणि थांबले. दुखऱ्या जागेवर बरोबर हिरवं गोंदण होतं. उषा.

"आजी, इथं उजेड देता येणार नाही. ही शाई उजेड पिऊन तापते, कातडी भाजते. आपण आजूबाजूनं देऊ." त्यांनी नावावर पांढऱ्या कापडाची जाड घडी ठेवली.

"पन दुखस तठेच."

"आजूबाजूनं दिलं तरी फरक पडतो. फक्त वेळ लागेल."

वेळ तेवढा मागू नका, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

ते नाव मुक्ताईनगरच्या यात्रेत गोंदलेलं. उषा दहा वर्षांची होती. सुई पाहून रडायला लागली, म्हणाली, माय, तू पहिले गोंद. मग मायलेकींनी एकमेकींची नावं हातावर घेतली. गोंदणारी म्हणाली होती, सोनंनाणं इथंच उतरवून घेतात, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं. ताईबाईनं ते मनात जपून ठेवलं होतं. त्या दिवशी गाठोड्यातून नुसता एक हात दिसला असता तरी तिनं पोर ओळखली असती. आता निदान वर गेल्यावर तरी पोर तिला ओळखेल, एवढ्या एका आशेवर तिचे दिवस चालले होते.

चार खेपा झाल्या. दुखण्याला उतार पडला, तांब्या उचलता येऊ लागला. पण कणीक झुलवायला गेलं की नावाखालून कळ उठायची. बरोबर घडीखालून, जिथं उजेड पोचतच नव्हता.

पाचव्या खेपेला डॉक्टरांनी मशीन दांडीवर बसवलं, तिच्या डोळ्यांना काळा चष्मा लावला आणि पडद्यापलीकडे एका माणसाची कंबर बघायला गेले. ताईबाईनं डाव्या हातानं घडी बाजूला सारली.

तिला काही समजलं नव्हतं असं नाही. भाजेल हे तिला सांगितलेलं होतं. पण लहानपणी काविळीत आजीनं तिच्या पोटावर तापलेल्या विळ्याचा डाग दिला होता आणि म्हणाली होती, जळलं म्हणजे रोग जळला, आता बरी होशील. आणि ती झाली होती. तेव्हापासून पोळल्याशिवाय उपाय लागू पडतो यावर तिचा विश्वासच नव्हता.

नाव तापू लागलं. आधी दोन्ही अक्षरं ऊन झाली, मग त्यांना निखारा लागल्यासारखं झालं.

"गरम लागतंय का, आजी?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"नही, बेस शे."

आणि दात आवळून ती पुटपुटली, "जराखं सोस, बेटा. तुन्हीच पोरना करता शे."

तिनं घडी पुन्हा जागेवर ठेवली. घरी येईस्तोवर हातावर टरारून फोड आला. तिनं तो पदराखाली दडवला आणि अंगात कसर आहे म्हणून पुढच्या खेपा टाळल्या. फोड फुटला, चिघळला. आठव्या दिवशी वास आला तेव्हा आबांनी पदर ओढला, आणि तो म्हातारा माणूस खाटेवर बसून रडला.

धुळ्याला नेलं तेव्हा डॉक्टर तिच्यापेक्षा स्वतःवरच जास्त चिडले. "मी तिथून हलायलाच नको होतं," असं तीनदा म्हणाले. त्यांनी शेजारच्या सर्जनकडून सडलेली कातडी काढून पट्टी बांधून घेतली. मग त्याच मशीनचा उजेड मंद करून दिवसाआड जखमेवर धरला, आजूबाजूच्या शिरेवरही दिला. पहिली पट्टी सोडली तेव्हा तिच्यावर हिरवट पापुद्रे होते. ते काय आहे हे ताईबाईला लगेच कळलं.

"ती पट्टी माले द्या."

पण नर्सनं ती पिवळ्या पिशवीत टाकून गाठ मारली होती. अशा वस्तू घरी देत नाहीत म्हणाली. उषा दुसऱ्यांदा दवाखान्यातच राहिली.

त्यानंतर जखम भराभर भरत गेली. ताईबाई रोज सकाळी पट्टीची कड उचलून बघायची आणि अजून कुठं ओल उरली आहे का ते चाचपायची, कारण जखम होती तोवर निदान पोर दुखत तरी होती. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी खुशीत तिचा हात आबांसमोर धरला. नवी गुलाबी कातडी. "बघा आबा, कुठं काही खूणसुद्धा उरली नाही!" आबांनी मान हलवली आणि दाराकडे बघितलं.

हळदीच्या दिवशी अमळनेरच्या अंगणात तीन चुली पेटल्या. ताईबाई मधल्या खापरासमोर बसली. हात असा चालत होता की मदतीला आलेली लताबाई बघतच राहिली. मांडे पातळ, एकसारखे, सुपाएवढे. लोक आमरसाबरोबर ओरपून खात होते आणि म्हातारीचं नाव घेत होते.

तेवढ्यात मोहिनी आली. अंगभर हळद, हातात वाटी.

"आजी, जरासा हात दे. माय राहती तर तिले पहिली हयद मीच लावती. फोटोना काचले लाईसन काय करू?"

ताईबाईला हात मागे घ्यायचाही अवसर मिळाला नाही. मोहिनीनं तिच्या कोपराखालचं पीठ स्वतःच्या पदरानं पुसलं आणि हळदीचं बोट उचललं. ते तसंच राहिलं. नाव शोधत तिनं डावा हातही पालथा-उताणा करून पाहिला.

"आजी, माय कोठे गयी?"

सांगण्यासारखं सगळं होतं. तुझ्या मांड्यांसाठी मी तिला जाळलं, असं सरळ सांगता आलं असतं. पण हळदीच्या पोरीला ते कोणत्या तोंडानं सांगायचं? मोहिनी वाटी धरून उभी होती आणि बोटावरची हळद वाळत होती.

"काकू, कणीक ओघळी राहिनी," लताबाई म्हणाली.

ताईबाईनं गोळा उचलला. मांडा या हातावरून त्या हातावर गेला, कोपरापर्यंत पसरला. हात कुठंच दुखला नाही. आणि तसाच मांडा हातावर घेऊन ताईबाईनं हंबरडा फोडला.