दूध तोडायचे पाणी

बाटलीतले पाणी शाईने काळपट झाले होते. मारेमने ती भट्टीच्या धगीपासून दूर, सावलीत ठेवली आणि सुनेला म्हणाली, "मौलवींनी आयत लिहिली, पाटी धुतली, ते हे पाणी. शुक्रवारी सकाळी पोरीला पाजायचं. मग मी तिला घेऊन बहिणीकडे गावाला जाते. आठवड्यात विसरेल ती तुझं दूध."

खुदिया जाळीवरचे मासे उलटत होती. हात थांबला नाही, फक्त धुराआड चेहरा गेला.

"इतक्यात, आई? दहा महिन्यांची तर आहे."

"माझा बिराम ईदला येतोय. दीड वर्षाहून जास्त झालं माणसाला कामाला बाहेर जाऊन, पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्यानं. तो आल्यावर पोर अंगाला लोंबकळत असावी का?"

तिच्या पाठीवर बांधलेली पोर, दाबा, झोपेतच ओठ हलवत होती. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात माशांचा, मिठाचा आणि शेंगांच्या जळक्या टरफलांचा वास मिसळला होता. खुदियाला तो वास आता आपल्याच त्वचेचा वाटे.

बिराम येणार हे कळले त्याच आठवड्यात, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून, ती दवाखान्यात गेली होती. तिथे न्देला जोप बसे. सगळी वस्ती तिला आत्या म्हणे. पोरीबाळींना जे आईशी बोलता येत नाही ते आत्याशी बोलावे, म्हणून दवाखान्याने तिला नेमले होते. आत्याने तिच्या तळहातावर एक मऊ, पांढरट कडे ठेवले होते. दाबले की दुमडे, सोडले की पुन्हा गोल होई.

"हे आत राहतं. तुझं तू घालायचं, तुझं तू काढायचं. त्याला पत्ता लागायचा नाही. पण पोर पीत असेल तरच कामाचं, दिवसातून चारदा तरी. दूध आणि हे, दोघं मिळून राखण करतात."

"आणि दूध सुटलं की?"

"मग दंडात काडी बसवू."

"दंड सगळ्यांना दिसतो, आत्या."

सुई तिने आधी घेऊन पाहिली होती. महिनाभर रक्त थांबले नव्हते, आणि दोरीवर वाळणाऱ्या फडक्यांवरून शेजारणींनी काय ते ओळखले होते. बिरामने तर फोनवरच सांगून टाकले होते, की देव देईल तेवढी पोरे घरात हवीत. पण थोरली अजून रांगत असताना मधली पोटात राहिली, तेव्हा लोकांनी जे तोंड सोडले ते बिरामला नव्हे, खुदियाला ऐकावे लागले. अंगावरचे पोर असताना राहिलेल्या पोटाला त्या किनाऱ्यावर नेफ म्हणतात. शब्द लहान, पण बाईच्या मागे तो वर्षानुवर्षे चालतो. आणि दूध तुटून थोरलीचे पाय त्या वर्षी जे काड्यांसारखे झाले, ते खुदिया आजही पोर झोपली की चाचपून पाही.

गुरुवारी दुपारी ती आत्याकडे जाऊन आली. आत्याने ऐकले, काही आश्वासन दिले नाही. संध्याकाळी मात्र भाताच्या वेळेला नेमकी दारात उभी राहिली.

"आली बघा," मारेम म्हणाली, "जोपांना भाताचा वास मैलावरून येतो."

"आणि न्जायांच्या घरी तो मिळत नाही, सगळा आधीच गिळलेला असतो."

जोप आणि न्जाय या आडनावांत थट्टेचे नाते. त्यांत कोणी काहीही बोलावे, मनाला लावून घ्यायचे नाही. ताटाभोवती बसलेल्या बायका हसू लागल्या. आत्याने घास वळला.

"ऐकलं, पोरीचं दूध तोडतेयस. न्जायच तुम्ही, लेकराच्या तोंडचंही सोडायचा नाहीत. पण मारेम, तुझा बिराम किती वर्षं पीत होता गं? चार? स्वतःच्या पायांनी यायचा, आणि तुला बसायला स्टूलही स्वतःच ओढत आणायचा."

हशा पिकला. मारेमही हसली.

"अख्खा किनारा हसायचा तुला," आत्या म्हणाली. "तरी तोडलं नाहीस. का गं? घरात भात नव्हता?"

मारेमचा हात ताटात तसाच राहिला. तिने सुनेकडे पाहिले नाही. मग म्हणाली, "जोप बाई, खा आणि जा."

शुक्रवारी सकाळी दाबाचे गाठोडे दाराशी ठेवलेले होते. ते खुदियानेच बांधले होते. अंगणात ईदचा मेंढा दोरीभोवती फिरत होता. मारेम बाटली घेऊन बाहेर आली, खाली बसली आणि तिने झाकण उघडले.

"बिरामच्या आधीची दोन पाठोपाठ झाली," ती म्हणाली. "त्यातलं एकच राहिलं. मग हा झाला. तो पीत होता तोवर पुढचं आलं नाही. नवरा चिडायचा, सासू चिडायची. मी म्हणायचे, पोर सोडत नाही, काय करू. आमच्याकडे तेवढंच होतं."

कड्याचे सांगावे असे खुदियाला क्षणभर वाटले. पण तिने फक्त पदराची गाठ घट्ट केली.

"बिरामला काय सांगायचं?" तिने विचारले.

"पोर सोडत नाही म्हणून सांग. जास्त बोलला तर माझ्याकडे पाठव. स्टुलाची आठवण करून देईन."

मारेमने मेंढ्याच्या घमेल्यात बाटली उपडी केली. मेंढ्याने नाक लावले, काळ्या पाण्यात एकदा फुरफुरला आणि पिऊ लागला. मग ती उठली, गाठोडे उचलून आत ठेवले आणि येताना भिंतीजवळचे बुटके स्टूल पायाने ढकलत सावलीत आणले.

"बस," ती म्हणाली. "रडतेय ती."