भिंतीकडे तोंड केलेला पंखा

टक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला, की समजावं, कुणीतरी माझं बटण दाबलं. मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. रंग निळा, पाती तीन, आणि मान फिरवताना एका ठिकाणी जराशी अडते. वयोमानाने कुणाचं काय, कुणाचं काय!

माझा जन्म कारखान्यातला. पाती बसवून मला पहिल्यांदा फिरवलं, तेव्हा माझ्या अंगात वारंच संचारलं होतं. दुकानातून मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईने. वाटलं, आता रोज हिचं कपाळ गार करायचं. पण कसचं काय! घरी नेल्या नेल्या तिने माझं तोंड भिंतीकडे केलं.

त्या घराची रीतच तशी होती. खिडकीशी तिचं टेबल. त्यावर उघडी घड्याळं, केसाहून बारीक स्प्रिंगा, मुंगीने उचलून न्यावेत एवढेसे स्क्रू. म्हणून टेबलावर काम चालू असताना तिथे कुणी शिंकायचं नाही, चादर झटकायची नाही, आणि पंख्याने भिंतीशीच बोलायचं. भिंतीवर आपटून जो काही वारा मागे येई, तेवढ्यावर ती खूश असे. "गुणाचा आहे माझा पंखा," असं गिऱ्हाइकांना सांगायची. मग मला भिंतीचंही काही वाटेनासं झालं.

वर्षं सरली. घरात सून आली, नात झाली, आमची घड्याळवाली ऐन पन्नाशीत आजी झाली. आणि एका हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. बाकीचे स्वेटर घालून बसलेले, आणि ही मला चालू करायची. जरा वेळाने बंद. पुन्हा चालू. छातीतून गरम लोट उठायचा, चेहरा लालबुंद व्हायचा, मान घामाने चिंब. डोळ्याला लावलेलं भिंग वाफेने धूसर झालं की हातातलं घड्याळ दिसेनासं व्हायचं. तिचे यजमान, म्हणजे नातीचे आजोबा, रजई हनुवटीपर्यंत ओढून म्हणायचे, आमच्याकडे उन्हाळा एकाच माणसापुरता येतो. तीही हसायची. आपली झोप उडाली आहे, हे मात्र तिने कुणाला कळू दिलं नाही.

तिने दोष दिला तो खोलीला. टेबल हलवून पाहिलं, पडदे बदलले, चहा सोडला. शेवटी खापर माझ्या डोक्यावर फुटलं. म्हणे, पंखा म्हातारा झालाय. मित्रांनो, ते मला फार लागलं.

एके दिवशी एका निवृत्त मास्तरांचं घड्याळ तिच्यासमोर उघडं होतं आणि तसाच लोट आला. घामाचा थेंब आता घड्याळात पडणार, म्हणून घाईघाईत तिने माझी मान स्वतःकडे वळवली. मी आपला इमानाने वारा घातला. स्प्रिंग उडाली!

मग काय, सगळं घर गुडघ्यांवर. आजोबा मोठ्या हुशारीने लोहचुंबक घेऊन आले, तर तिने ते हातातून काढूनच घेतलं. चुंबक लागलं की ती नाजूक स्प्रिंग कामातून जाते. बराच शोध झाल्यावर नातीला ती दिसली, आजोबांच्या स्वेटरवर, बरोबर पोटावर.

"बघा, हे पोट मी उगाच नाही सांभाळलं," आजोबा म्हणाले.

सगळे हसले. ती हसली नाही. तिने चिमटे पुसले, एकेक करून पेटीत ठेवले.

"माझे हात गेले आता," ती म्हणाली. "यापुढे घड्याळं घ्यायची नाहीत."

सुनेने पुढे होऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"आई, हात तर स्थिर आहेत. तुम्हाला घाम येतोय नुसता. पाळी थांबल्यापासूनच ना?"

"हळू बोल गं. सगळ्याच बायकांना होतं ते. त्याचं काय डॉक्टरांना सांगायचं?"

"दातसुद्धा सगळ्यांचेच दुखतात, आई. तरी जातोच ना आपण?"

दोघी गेल्या. परत आल्यावर सून आजोबांना सांगत होती, ते मी कान टवकारून ऐकलं. या वयात बायकांच्या शरीरातलं एक हार्मोन कमी होतं, आणि मेंदूला थंडीतही उगाच उकडल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी आधी खोदून खोदून चौकशी केली: घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, पायात कधी रक्ताची गाठ, रक्तदाब किती. तपासण्या झाल्या. हे औषध प्रत्येकीला चालत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. हिला चालणार होतं. मग हार्मोनची अगदी कमी मात्रेची, त्वचेवर लावायची एक पट्टी दिली आणि गर्भाशय सुरक्षित राहावं म्हणून जोडीला एक गोळी. जेवढ्या थोड्याने भागेल तेवढंच द्यायचं, आणि अधूनमधून येऊन दाखवायचं.

"म्हणजे आता मला रजई सोडावी लागणार," आजोबा म्हणाले.

लगेच काही जादू झाली नाही. पण काही आठवड्यांत लोट विरळ झाले, मग क्वचितच येऊ लागले. ती सकाळी टवटवीत उठू लागली. एक दिवस तिने पेटी उघडली, भिंग डोळ्याला लावलं. भिंग स्वच्छच राहिलं. मास्तरांचं घड्याळ चालू झालं, तेव्हा तिने ते आधी सुनेच्या कानाशी धरलं.

आता माझा मुक्काम कपाटावर असतो. धूळ बसते, थोडं वाईटही वाटतं. पण मला कुणी लावत नाही, याचा असा आनंद दुसऱ्या कुठल्या पंख्याच्या वाट्याला आला असेल?

मित्रांनो, जुन्या पंख्याची पाती पुसत जा, दोन थेंब तेल घालत जा. आणि घरातलं कुणी भर थंडीत पंखा लावत असेल, तर हसा हवं तर, पण हसून झालं की जवळ बसून विचारा.

परवाचीच गोष्ट. आजी टेबलाशी बसली होती, आणि नात हनुवटी टेकवून, श्वास रोखून तिचं काम बघत होती. बघता बघता तिने विचारलं, "आजी, तुला इतका त्रास होत होता, तर तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

आजीने चिमटा खाली ठेवला आणि नातीला शेजारी बसवून घेतलं.