लिस्बेलच्या गालावरची लव

कितीही कुरळे, कितीही हट्टी केस असोत, मोका गावात नेरेइदाच्या हाताखाली आले की गुमान सरळ व्हायचे. लग्न असो, बाप्तिस्मा असो, बायका आधी तिच्या पार्लरमध्ये आणि मग चर्चमध्ये. आणि नेमक्या हिच्याच टाळूवरचे केस विरळ व्हावेत, याला काय म्हणावं! नेरेइदाने ही गोष्ट सख्ख्या मुलालाही कळू दिली नाही. टाळू दिसणाऱ्या बाईकडे डोकं द्यायला कोण येईल?

लपवायला तुबी होतीच. ओले केस डोक्याभोवती गोल गुंडाळायचे, पिना खोचायच्या, वरून जाळी बांधायची. तुबीत बाजारहाट करणाऱ्या बाईकडे इथे कोणी मान वळवूनसुद्धा बघत नाही.

औषधाच्या दुकानातले केस वाढवायचे थेंब ती लावायची. त्यांचा गुण यायला महिने लागतात असं डबीवर लिहिलं होतं, पण नेरेइदाला धीर कुठला! न्यूयॉर्कच्या मावसबहिणीने सुरकुत्यांवरच्या मलमाची नळी पाठवली. "हे आधी लाव, म्हणजे कातडी पातळ होते आणि वरचं औषध सरळ आत जातं," असं तिने फोनवर सांगितलं. शेजारणीने रममध्ये कांदा आणि रोझमेरी मुरवून दिली. नेरेइदाने तिन्ही एकावर एक लावायला सुरुवात केली. पार्लरमध्ये कुठलंही क्रीम वाफेशिवाय मुरत नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती तिन्ही औषधं लावून तुबी घालायची, त्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवायची आणि ड्रायरच्या गरम टोपाखाली कॉफी पीत बसायची.

डोक्याची आग आग व्हायची. पापुद्रे निघायचे. टाकीत पाणी आलं का बघायला गच्चीवर चढली की छाती अशी धडधडायची, की कठड्याला धरून बसावं लागायचं. सकाळी डोळे सुजलेले असायचे. उकाडा फार आहे, वय झालं, असं म्हणून तिने ते सगळं झटकून टाकलं. कारण टाळूवर खरोखरच कोवळी लव दिसू लागली होती! तिने आल्ताग्रासियाच्या मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. गालांवरही थोडी लव आली, ती मेण लावून ओढून काढली की काम झालं.

तिचा मुलगा विल्किन लांब समुद्रकाठी पुंता काना इथल्या हॉटेलात स्वयंपाकी. महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्याची बायको योकास्ता बँकेत काउंटरवर बसायची आणि कामाला जाताना सहा महिन्यांच्या लिस्बेलला नेरेइदाकडे सोडायची. सून मोजकं बोलणारी. आली, पोर दिली, दुधाची बाटली ठेवली, गेली. नाकावर माशी बसू देत नाही, असं नेरेइदाला वाटायचं. पण पोरगी मात्र आजीची. पाळण्यात टाकली की टाहो फोडायची. आजीच्या मानेत तोंड खुपसलं की दोन मिनिटांत झोपायची. तिला डाव्या खांद्यावर घेऊन नेरेइदा उजव्या हाताने बायकांच्या केसांना रोलर लावायची. दिवसातलं तेवढंच सुख तिला पुरे होतं.

लिस्बेलच्या कपाळावर आधी लव आली. मग गालावर, दंडांवर, पाठीवर. पहिल्यांदा सगळे हसले. रविवारच्या जेवणाला योकास्ताची आई, ओतिलिया, कॉन्स्तान्साच्या डोंगरातून लसणाची पोती घेऊन उतरली होती. तिने नातीला उन्हात धरून निरखलं.

"हे तुमच्याकडून आलंय," तिने निकाल दिला.

"आमच्याकडे बायकांच्या भुवयासुद्धा कोरून काढाव्या लागतात!" नेरेइदा म्हणाली. "तुमच्याकडेच थंडी असते, विहीणबाई."

"थंडी असते, पण म्हणून माणसांना लोकर येत नाही!"

विल्किनने भाताचं भांडं मध्ये आणून ठेवलं. "दोघींनी आधी जेवून घ्या. मग भांडायला बळ येईल."

पण लव वाढतच गेली आणि हसू थांबलं. बसमधल्या बायका पोरीकडे बघून गप्प व्हायच्या. ओतिलियाने दृष्टीचा काळा मणी आणून मनगटात बांधला. गावातल्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. मग पोटाची सोनोग्राफी. एखादी ग्रंथी बिघडली असेल, गाठसुद्धा असू शकते, असं ते म्हणाले. एवढ्याशा दंडाला सुई लावताना पोरगी आजीकडे बघून रडली, तेव्हा नेरेइदाला वाटलं, देवा, हिचं काय असेल ते मला दे.

शेवटी सांतियागोच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लागला. विल्किनला सुट्टी मिळाली नाही, म्हणून नेरेइदा बरोबर गेली. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, आवाज खरखरीत. त्यांनी रिपोर्ट बघितले न बघितल्यासारखे केले आणि पोरीचे कपडे काढून तिला खिडकीपाशी नेलं.

"उजव्या गालावर जास्त आहे. डाव्यावर कमी," त्या म्हणाल्या. "घरात कोणी केस वाढवायचं औषध लावतं का?"

"नाही," योकास्ता म्हणाली. "कोणीच नाही."

खोलीत पंखा फिरत होता. नेरेइदाच्या जिभेवर 'नाही' तयार होतं. सूनच नाही म्हणाली होती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. तिने लिस्बेलकडे बघितलं. दंडावर सुईचा निळा डाग होता.

"मी लावते," नेरेइदा म्हणाली.

योकास्ताने वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी फक्त मान हलवली. "डोकं सोडा बघू."

तुबी सोडणं म्हणजे काय, ते नेरेइदालाच ठाऊक. एकेक पिन काढून तिने मांडीवर ठेवली. जाळी निघाली, केस खाली आले आणि लालबुंद, सोललेली टाळू सुनेसमोर उघडी पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून टाळू चाचपली, मानेवर वाळलेला ओघळ बघितला, वास घेतला.

"काय काय लावता?"

तिने सगळं सांगितलं. थेंब, मलम, रम, प्लॅस्टिकची टोपी, गरम ड्रायर.

"अहो बाई, डोकं आहे की पावाची भट्टी?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "त्या थेंबांत मिनॉक्सिडिल असतं. ते एकटं, थोडं लावलं तर ठीक. तुम्ही त्या मलमाने कातडी सोलली, दारूने आणखी जाळली, वरून झाकून शेकलं. ते थेट रक्तात उतरलं. छाती धडधडते का? चक्कर येते? तोंड सुजतं?"

"हो."

"आणि पोरगी याच मानेत झोपते."

"हो," नेरेइदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मग डॉक्टरीणबाईंचा सूर उतरला. पोरीच्या हृदयाची तपासणी त्यांनी तिथेच करून घेतली. सगळं व्यवस्थित होतं. गाठ नाही, बिघाड नाही. औषध बंद झालं की काही महिन्यांत लव आपोआप गळेल. "आणि तुम्ही पोरीचे उपकार माना," त्या नेरेइदाला म्हणाल्या. "तिच्या गालावर दिसलं म्हणून कळलं. नाहीतर एक दिवस कुठेतरी पडलेल्या सापडला असतात."

परतीच्या बसमध्ये योकास्ता खिडकीबाहेर बघत होती. पोर तिच्या मांडीवर. नेरेइदाने हात पुढे केला नाही. गाठ नाही, एवढ्याने तिचं मन भरून आलं होतं, देवाचे किती आभार मानू आणि किती नको असं झालं होतं. पण पोर आता आपल्याला मिळणार नाही, हेही तिला कळून चुकलं होतं.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ओतिलिया डोंगरातून येऊन लेकीकडे राहिली. नेरेइदाने डबी, नळी, बाटली कचऱ्यात टाकली, उशांचे अभ्रे उकळले, अंगावरचे सगळे कपडे धुतले. छातीची धडधड ओसरली. टाळूवरची कोवळी लव कंगव्यात यायला लागली, तिला त्याचं काही वाटेना. गिऱ्हाइकं विचारायची, बाळ कुठंय? ती म्हणायची, आजोळची आजी आलीय ना. उजव्या हाताने काम करायची सवय इतकी होती, की डावा हात रिकामा नुसता लटकत राहायचा.

पार्लर सोमवारी बंद. अशाच एका सोमवारी दारावर थाप पडली. योकास्ता होती, कडेवर लिस्बेल. पोरगी आजीला बघून दोन्ही हात पसरून झेपावली. नेरेइदा मागे सरकली.

"नको गं, नको. माझ्या अंगाला काही राहिलं असलं तर?"

"म्हणूनच आले," योकास्ता म्हणाली. तिने पोरीला सतरंजीवर खेळणं देऊन बसवलं आणि बाह्या वर केल्या. "बसा त्या खुर्चीत. मान मागे टाका."

"अगं, पण..."

"बसा म्हटलं ना."

नेरेइदा बसली. तीस वर्षं तिने गावाची डोकी धुतली, तिचं डोकं कधी कोणी धुतलं नव्हतं. योकास्ताला धड धुताही येत नव्हतं. पाणी कानात जात होतं, पाठीवर उतरत होतं. पण टाळूवरून तिची बोटं इतक्या हलक्याने फिरत होती, की नेरेइदाने डोळे मिटून घेतले.

"माझ्या आईने 'नाही' असंच सांगितलं असतं," योकास्ता वरून म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा. ती मेली असती पण माझ्यासमोर जाळी सोडली नसती. मग त्यांनी पोरीला अजून किती सुया टोचल्या असत्या, कोण जाणे. मी रोज हाच विचार करते."

"चूक माझीच होती गं."

"होतीच. मी अजून रागावलेली आहे. हलू नका, साबण डोळ्यात जाईल."

नेरेइदा हलली नाही. या मोजकं बोलणाऱ्या पोरीला आपण शिष्ट म्हणत होतो, हे आठवून तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त बरं वाटलं. तिने तिथेच, नळाखाली, मनातल्या मनात हात जोडले.

योकास्ताने तिचं डोकं पुसलं, मान पुसली, खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकला. मग लिस्बेलला उचलून त्या डाव्या खांद्यावर ठेवलं. पोरीने थोडी कुरकुर केली, आजीच्या ओल्या मानेत नाक घासलं आणि ती झोपी गेली.

"उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला आणते," योकास्ता पर्स उचलत म्हणाली. "आईला डोंगरात लसणाची काळजी लागलीय. आणि दारातच आधी तुमचं डोकं हुंगून बघणार आहे मी, रोज."

"हुंग गं बाई," नेरेइदा हळूच म्हणाली, पोरीची झोप मोडू नये म्हणून. "रोज हुंग."