कारंज्याजवळची गर्दी

सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीत हयवदनअण्णांचा रविवारचा विज्ञानवर्ग नऊ वर्षं करंजाच्या झाडाखाली भरत होता. बरोबर उत्तराला चिक्कीचा तुकडा, हा त्यांचा नियम. गेल्या महिन्यात डी विंगमध्ये हर्षिता राहायला आली. ती दीर्घिकांवर, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांवर, संशोधन करायची. तिनं कारंज्याजवळ मुलं जमवली, आणि अण्णांची चिक्की उरू लागली.

आज करंजाखाली दोघंच होती. सिद्धीसुद्धा नाही! लिंबू आणि टॉर्च घेऊन चंद्राच्या कला तिला कुणी शिकवल्या होत्या? अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘ती हर्षिता पिशवीतून काहीतरी आणत असणार. बाहेरची चॉकलेटं!’

दोघांना लवकर सोडून ते कारंज्याजवळच्या बाकावर पेपर उघडून बसले.

हर्षितानं फरशीवर मोहरीच्या लहानमोठ्या ढिगल्या केल्या होत्या. “दीर्घिका अशाच घोळके करून असतात. पण जे दिसतं, त्याची ओढ एवढे घोळके धरून ठेवायला पुरत नाही. बरेचजण म्हणतात, तिथं न दिसणारं काहीतरी आहे. काहीजण म्हणतात, फार लांबवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा वेगळा असेल. नियम बदलला, की घोळके जमायची तऱ्हाही बदलते. म्हणून मी घोळके मोजते.”

“मग खरं काय, अक्का?”

“अजून ठाऊक नाही.”

पेपरमागे अण्णा खूश झाले. ठाऊक नाही म्हणे!

जिन्यापाशी त्यांनी सिद्धीला गाठलं. “काय देते गं ती तुम्हाला?”

“काहीच नाही, अण्णा.”

“मग पिशवीत काय असतं?”

“मोहरी!”

“आणि तरी एवढी गर्दी?”

सिद्धी चपलेचा पट्टा ओढत राहिली. “तुमच्याकडे चुकलं, की चिक्की दुसऱ्याला जाते. अक्का विचारते, तुला असं का वाटलं?”

अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी सिद्धी करंजाखाली आली. “अण्णा, न दिसणारं काहीतरी, की वेगळा नियम? दोन्हींतलं खरं कुठलं?”

उत्तर द्यायला जीभ उचलली गेली होती. “मला... ठाऊक नाही,” ते कसंबसं म्हणाले. “तुला काय वाटतं?”

सिद्धी बोलत सुटली. त्यातलं बरंच चुकीचं होतं. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग चिक्की पुढे केली.

“बरोबर होतं?”

“मला काय विचारतेस? खा.”

ती खात असताना त्यांनी चष्मा सारखा केला आणि कारंज्याजवळची डोकी मोजली. अकरा. गेल्या रविवारपेक्षा एक कमी.

त्यांनी पुन्हा एकदा मोजली.